फ्यूजच्या जागी तार

धामणकर नाका, भिवंडी
२ मे २००६

अक्का, पाया पडतो.

आधी घरचं. तुझ्या भावजयीचे, चंद्राचे गुडघे आहेत तसेच आहेत, पण उन्नतीच्या लग्नाचं नाव निघालं की ती माळ्यावर चढून भांडी काढते आणि दुखलं म्हणून कबूल करत नाही. मी बरा आहे. धंदा चालू आहे. लोडशेडिंगनं मात्र जीव खाल्लाय. वीज गेली की यंत्रमागांचे साचे थांबतात आणि अख्खी भिवंडी एकदम गप्प होते. माझं अर्धं आयुष्य या खटखटीत गेलं, तरी त्या गप्प होण्याची सवय मला झाली नाही. हातातलं काम ठेवून मी गाळ्याच्या दारात येतो आणि उगाच हवेचा वास घेतो.

पत्रिका मिळाली. छपाई चांगली आहे. लग्नाची वेळ दिलीय, हळदीची दिलेली नाही. हळद कधी चढणार आणि मांडव अंगणात की गरम पाण्याच्या कुंडांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, तेवढं कळव. मामा म्हणून माझं नाव छापलंस, वाचून बरं वाटलं. खाली तू हातानं लिहिलंस, ‘येणार ना रे?’ त्याचं उत्तर शेवटी देतो.

परवा पूर्ण्याला एका लग्नात देवेश दिसला. जाकीट घालून, स्वतःचं नवं यंत्र घेऊन. त्याच्याशी धड बोलणं झालं नाही.

तू मागं म्हणाली होतीस, “माझा पोर खोगीर बांधून मांडवात नाचतो, त्या काय हाय मना समजंना.” तर ऐक. माणूस कॅमेरा हातात धरून चालला की चित्र हलतं. ते हलू नये म्हणून कॅमेरा एका दांड्याच्या वरच्या टोकाला बसवायचा आणि खालच्या टोकाला तेवढंच वजन द्यायचं. दगड बांधला तरी चालेल, पण मी तिथं बॅटरी आणि मॉनिटर लावतो, म्हणजे वजनही झालं आणि कामही झालं. मॉनिटर म्हणजे लहानसा टीव्ही. या यंत्रावर कॅमेरा डोळ्याला लावता येत नाही, म्हणून माणूस खाली टीव्हीत बघत चालतो. दांडा स्प्रिंगच्या एका हाताला टांगलेला, आणि तो हात छातीवरच्या जाकिटाला. जाकीट घट्ट आवळावं लागतं. इतकं की बकलं दुसऱ्यानं लावून द्यावी लागतात आणि दुसऱ्यानंच सोडावी लागतात.

परदेशी बनावटीचं असं यंत्र मी एकदाच पाहिलं. गोरेगावला शूटिंगवर दिवे दुरुस्त करायला गेलो होतो. हात लावू दिला नाही. दुपारभर लांबून बघितलं, घरी आलो, अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, साच्याच्या स्प्रिंगा आणि बेअरिंगा घेऊन बसलो आणि उभं केलं. मला कोणी शिकवलं नाही. आज कल्याणपासून वाड्यापर्यंत जी यंत्रं लग्नात फिरतात, ती एक तर माझी आहेत किंवा माझी बघून केलेली.

बघून करणारे वजनाचं बघतात. खरं काम वायरींचं. वायर जाड घेतली तर ती दांड्याला ओढते, तोल जातो. बारीक घेतली तर करंट सोसत नाही. पाइपात शिरते तिथल्या कडेला रबर लावावं लागतं, नाहीतर ती कड वायरीला रोज थोडं थोडं कापते. दिसत नाही, पण कापते. हे सगळं मी देवेशला हाताला धरून शिकवलं. त्याचा हात चांगला आहे. माझ्याइतका म्हणणार नाही, पण चांगला आहे.

तो गाळा सोडून का गेला, ते त्यानं तुला त्याच्या बाजूनं सांगितलं असेलच. वडप्याला गोदामवाल्यांच्या घरचं लग्न होतं. चित्र मोठ्या पडद्यावर जात होतं. मंगलाष्टकं चालू असताना यानं न विचारता त्याच बॅटरीवर मोठा दिवा जोडला. फ्यूज उडाला. मॉनिटर काळा, पडदा काळा. नवरीच्या काकानं त्याची गचांडी धरली. दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन मलाच म्हणतो, “मामा, तुमच्या त्या दीड रुपयाच्या फ्यूजनं माझी चारचौघांत इज्जत घालवली.”

मी म्हटलं, “त्यानं त्याचं काम केलं. तू तुझं केलं न्हाईस.”

“मग ठेवा तुमचा फ्यूज तुमच्यापाशी,” म्हणाला, आणि गेला. मी मागून हाक मारली नाही. का मारावी? गाळा माझा आहे, उठून तो गेला.

पूर्ण्याला त्याचं यंत्र पाहिलं. पाइप सरळ आहे, बेअरिंग छान फिरतंय. बॅटरी मात्र त्यानं मोठी घेऊन जाकिटात पाठीवर बसवलीय. खाली वजन नको म्हणून असेल. मी तसं कधी केलं नसतं. लोडशेडिंगमुळं आता मांडवात दिवा लागतोच, तो त्यानं कॅमेऱ्याच्या डोक्यावर कायमचा लावलाय.

तर तू त्याला एवढं सांग. उन्नतीच्या हळदीआधी एकदा यंत्र घेऊन गाळ्यात ये. मी काही बोलणार नाही. एक गोष्ट बदलून देतो, चहा होईपर्यंतचं काम आहे. त्यानं यायचं, मी जाणार नाही.

मी लग्नाला येतो की नाही, ते तो येतो की नाही त्यावर आहे.

कळावं,
केसरीनाथ


धामणकर नाका, भिवंडी
९ मे २००६

अक्का,

तुझं पत्र तुमच्या जीपवाल्या नवशानं काल आणून दिलं. जीप दारात चालू ठेवूनच उभा होता, म्हणाला, “केसरीशेठ, अक्कांनी सांगितलंय, उत्तर हातोहात आणायचं.” त्याला म्हटलं, पोस्ट खातं अजून बंद पडलेलं नाही. पण आज त्याच्याच हाती देतोय.

तुला फोन का करत नाही, असं विचारलंस. फोन करायचा तर तुझ्या शेजारच्या दुकानात करावा लागतो, आणि तिथं तुझ्याआधी अकलोलीतली सगळी ऐकतात. देवेशचा मोबाइल माझा नंबर दिसला की वाजत राहतो. आणि खरं म्हणजे, मला जे सांगायचंय ते तोंडानं नीट येत नाही.

तू लिहिलंस, देवेश हसला आणि म्हणाला, “मामा माझ्यावर जळतो.” तू तो शब्द जसाच्या तसा लिहिलास. मी पत्र बाजूला ठेवलं आणि चूळ भरून आलो.

पुढं लिहिलंस, लग्नघरात भांडण काढू नकोस, तोंडातून चांगलं काढ. म्हणूनच पहिल्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. हळकुंडं फोडलेल्या घरात अभद्र बोलू नये हे मलाही कळतं. आपली आय तर त्या दिवसांत दिवा ‘विझला’ म्हणून देत नसे. तरी आज लिहितो. वाचून झालं की चुलीत घाल, उन्नतीच्या हाती लागू देऊ नकोस.

पूर्ण्याला देवेश जेवायला बसला तेव्हा त्याचं यंत्र स्टँडवर टांगलेलं होतं. नुकताच उतरवून गेला होता. मी जवळ गेलो. काम करणाऱ्यानं दुसऱ्याचं काम बघावं, त्यात काही वाईट नाही. पाठीवरच्या बॅटरीतून निघालेली वायर काखेखालून येते आणि स्प्रिंगच्या हातावरून दांड्याकडं जाते. मी तिला बोट लावलं. मऊ होती, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी. स्प्रिंगपाशी तिचं वरचं साल घासून पांढरं पडलंय. हात वर-खाली झाला की स्प्रिंग तिला चावते. आणि वास येत होता. तो वास मी झोपेतही ओळखीन.

मग बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडून बघितलं. फ्यूजची जागा त्यानं ठेवलीय, मी शिकवली तिथंच, बॅटरीच्या तोंडाशी. आत फ्यूज नाही. तिथं तांब्याची तार पिळून घातलीय.

हे तुला नीट समजायला हवं, म्हणून लिहितो. फ्यूज म्हणजे मुद्दाम अशक्त ठेवलेली जागा. कुठं दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, किंवा झेपत नाही इतकं ओझं टाकलं, की आधी तो मरतो आणि बाकीचं वाचतं. मांडव काळा होतो, लोक शिव्या घालतात, पण तेवढंच. तिथं जाड तार घातली की काही उडत नाही, काही थांबत नाही. मॉनिटर चालू, दिवा चालू, चित्र चालू. मग वायरच लाल होते. पाइपात, स्प्रिंगवर, काखेखाली, जिथं असेल तिथं. ही भिवंडीची खोड आहे. साचा थांबला की मुकादम ओरडतो, “अरे, तार मोटा कर दे ना!” आणि कोणीतरी करतो. अख्ख्या गावात अशा तारा आहेत. भिंतीवर असतात म्हणून माणूस पळू तरी शकतो.

मी चिमट्यानं ती तार काढायला गेलो. तेवढ्यात तो हात धुऊन आला. पाच-पंचवीस माणसं पंगतीत होती. “मामा, हात लावू नका. हे माझं हाय, तुमचं न्हाय.” माझ्या हातातला चिमटा सगळ्यांनी पाहिला. चोरी पकडल्यासारखे बघत होते. मी चिमटा खिशात घातला आणि न जेवता निघून आलो. त्याचं वाईट वाटलं म्हणून हे लिहीत नाही.

आपल्याकडची हळद कशी असते ते तुला सांगायला नको. नवरीला लागते थोडी आणि बाकीच्यांना घमेल्यानं. कॅमेरावाल्याला कोणी सोडत नाही. ओली हळद, वरून पाणी, गळ्यात हात टाकून नाचणारे मेव्हणे. ती ओल त्या घासलेल्या जागी गेली, किंवा कोणी गंमत म्हणून त्याचा हात खेचला आणि स्प्रिंग पुरती मिटली, तर काय होईल ते मी लिहीत नाही. जाकीट त्याला एकट्याला काढता येत नाही, एवढं लक्षात ठेव.

मला हे सगळं इतकं का टोचतं, ते तू विचारलंस. मी असं एकदा पाहिलंय. तुला माहीत आहे कुठं.

खरं म्हणजे तुला माहीत नाही. तुला जेवढं सांगितलं तेवढंच माहीत आहे.

आज राहू दे. देवेशला पाठव. किंवा पेटीतली ती तार तरी काढून घे आणि यंत्र बंद ठेव. हळदीचं शूटिंग नाही झालं तरी उन्नती नांदायला जाईल.

तुझा,
केसरीनाथ

चंद्रानं पापड आणि मुंडावळ्या पाठवल्यात. मोत्यांच्या आहेत, जपून उघड.


भिवंडी
१४ मे, सकाळी

अक्का,

नवशा मांडवाचं सामान घेऊन आत्ता निघतोय, त्याला थांबवून लिहितोय. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

तुझा निरोप मिळाला, हळद आज संध्याकाळी चढणार. देवेश ऐकत नाही, “बहिणीच्या हळदीला माझा कॅमेरा बंद? लोक काय म्हणतील?” म्हणाला. त्याचंही खोटं नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आता जे लिहितो ते मला तू जिवंत असेपर्यंत लिहायचं नव्हतं.

भावजी गेले तो कारखाना कोणामुळं पेटला, ते तू आणि देवेश जे मानता ते तसं नाही. तू इतकी वर्षं सेठला शिव्याशाप दिलेस. देवेश बोलायला लागल्यापासून म्हणतोय, “सेठनं माझ्या बापाला जाळलं.” सेठ भला माणूस नव्हता. वायरिंग जुनं, दरवाजा एकच, सुताचे ढीग दारात. पण तार त्यानं घातलेली नव्हती.

आदल्या दिवशी भावजी माझ्याकडं चहाला आले होते. खुशीत होते. म्हणाले, “केसरी, तुझ्या त्या फ्यूजचा जाच मिटवला. आता माझा साचा थांबायचा न्हाय, बघ.” मी हसलो. मीही तेव्हा साच्यांच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचो, असल्या तारा रोज बघायचो. कोणीच त्याला मोठी गोष्ट मानत नसे.

आग विझल्यावर मी आत गेलो. भिंत अजून तापलेली होती. बोर्डावरचं चिनी मातीचं किटकॅट, म्हणजे फ्यूजचं घर, उघडलं. तांब्याची जाड तार होती, दुहेरी करून पिळलेली, टोक आत वळवलेलं. भावजी आंब्याच्या पेट्या बांधायचे तेव्हा सुतळीलाही असाच पीळ घालायचे आणि आपण त्यांच्या नावानं ‘अनंता छाप’ म्हणून हसायचो, तोच. पंचनामा करणारे दारात आले होते. मी ती तार काढली आणि मोरीत टाकली. मेलेल्या माणसाला, त्यानंच केलं, असं कोणी म्हणू नये म्हणून. तुझ्या कडेवर तेव्हा देवेश होता आणि उन्नती पोटात. तू सेठला शाप देत होतीस. मला वाटलं, देऊ दे. शाप द्यायला कोणीतरी लागतं. हे केलं त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन.

पण पूर्ण्याला देवेशच्या पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आत तोच पीळ होता. दुहेरी, आणि टोक आत वळवलेलं. अक्का, त्यानं बापाचा हात कधी पाहिलेला नाही. मी तर असा पीळ त्याला शिकवलेला नाही. कुठून आला, मला सांगता येत नाही. तेव्हापासून वीज गेली की मी दारातच उभा असतो.

माझं तो ऐकणार नाही. माझ्या तोंडून बापाबद्दल हे ऐकलं तर अंगावर येईल. तुझं ऐकेल. हळद चढायच्या आधी त्याला आतल्या खोलीत घे, दार लाव आणि तू सांग. हळदीच्या दिवशी सांगायची ही गोष्ट नाही, मला कळतं. दुसरा दिवस हातात नाही.

मी त्याच्यासाठी नवं वायरिंग करतोय. दिव्याची बॅटरी वेगळी, मॉनिटरची वेगळी, दोघींना आपापले फ्यूज, आणि स्प्रिंगवरून जाणाऱ्या वायरीला सायकलच्या ट्यूबचं आवरण. चित्र बंद पडणार नाही, दिवाही. पुरं झालं असतं, पण पहाटेपासून वीज नाही आणि सोल्डरिंगची कांडी तापत नाही. चंद्राच्या गॅसवर जुनी तांब्याची कांडी तापवून एकेक जोड देतोय. घाईत दिलेला जोड कच्चा राहतो आणि कच्चा जोड मी देणार नाही. झालं की पहिल्या एसटीनं निघतो.

मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं. मी आज देवेशच्या मागं उभा राहीन. तो रागावला तरी, उन्नती रुसली तरी. तुझ्या व्याह्यांनी विचारलं तर सांग, भावाचं डोकं फिरलंय.

मी पोचलो नाही आणि त्यानं जाकीट घातलं, तर तू त्याच्याजवळ राहा. विहिणींत जाऊन बसू नकोस. त्याच्या उजव्या काखेकडं बघत राहा. धूर दिसला, किंवा नुसता वास आला, तरी कोणाला हाक मारू नकोस, विचारू नकोस. पुढं हो. कमरेचं बकल आधी सोड, मग छातीवरची दोन्ही. उलट केलंस तर सगळं वजन कमरेवर येतं, तो वाकतो आणि मग बकल सुटत नाही. बाजूनं दाबायचं, ओढायचं नाही. आत्ता, हे वाचतेस तेव्हाच, जाकीट खुंटीवर असेल, जा आणि दोनदा सोडून बघ. डोळे मिटूनही जमलं पाहिजे. सुटलं की जाकीट त्याच्या अंगावरून पुढं खेच आणि त्याला मागं ढकल. कॅमेरा आपटेल. आपटू दे. तो तुझ्यावर ओरडेल. ओरडू दे, अक्का. ओरडतोय म्हणजे आहे.

नवशा हॉर्न देतोय.

निघालोच,
तुझा केसरी